फोटोत तर काहीच दिसत नाही

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवरून एक बाई आमच्या केंद्रावर आली. चार घरची धुणीभांडी करणारी, पस्तिशीची. आदल्या रात्री नवऱ्याने मारले होते. पाठीवर मार होता, डाव्या दंडावर चार बोटांचे ठसे होते. मी स्वतः पाहिले. तिच्या सावळ्या कातडीवर ते ठसे लालभडक नव्हते, जांभळट-काळसर होते, पण होते. हात लावला की ती कळवळत होती. आपल्याकडे याला मुका मार म्हणतात. रक्त नाही, जखम उघडी नाही, आतल्या आत ठणकणारा मार.

रात्री अकरा वाजता तिच्या शेजारणीने खोलीतल्या ट्यूबलाइटखाली मोबाइलवर तिचा फोटो काढला होता. शेजारणीने तो व्हॉट्सॲपवर हिच्या बहिणीला पाठवला, बहिणीने भावाला, भावाने मला. आम्ही स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याची प्रिंट काढली आणि दोन दिवसांनी तक्रार द्यायला गेलो. साहेबांनी कागद हातात घेतला, उजेडात धरला आणि म्हणाले, "मॅडम, फोटोत तर काहीच दिसत नाही."

मी भांडायला तोंड उघडले आणि फोटोकडे पाहिले. साहेब खोटे बोलत नव्हते. फोटोत एक गुळगुळीत, बऱ्यापैकी उजळ दंड होता. तिच्या दंडापेक्षा दोन छटा गोरा. बोटांच्या जागी नुसता मळकट पट्टा. चार बोटे कुठे गेली?

ती माझ्या शेजारी उभी होती. हळूच म्हणाली, "ताई, दुखतंय मला, आणि विचारतात फोटोला."

मैत्रिणींनो, हे वाक्य गेले कित्येक महिने माझ्या डोक्यातून जात नाही. त्यातले दोन्ही अर्धे खरे आहेत. बाईला न विचारता फोटोला विचारणे हा अन्याय आहेच. पण विचारलेच, तर फोटो असे का सांगतो, हेही आपल्याला समजायला हवे. आज केंद्रावर येणाऱ्या बहुतेक बायका मोबाइलमध्ये पुरावा घेऊन येतात, आणि त्या पुराव्याचे वाटेत काय होते हे आम्हा कार्यकर्त्यांनाच ठाऊक नसते. मलाही नव्हते. म्हणून हा लेख.

निगेटिव्हचे दिवस

नव्वदच्या दशकात आमच्या संघटनेकडे एकच कॅमेरा होता. छत्तीस फोटोंचा रोल संपेपर्यंत थांबायचे आणि मग स्टुडिओत धुवायला द्यायचा. आमच्या वकीलताई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत: फोटो हरवला तर चालेल, निगेटिव्ह हरवू नका. फोटो पुन्हा काढता येतो, निगेटिव्ह म्हणजे घडलेल्या गोष्टीचा मूळ ठसा.

त्याच स्टुडिओत लग्नाच्या मुलींचे फोटो निघायचे. स्टुडिओवाला टोकदार पेन्सिल घेऊन निगेटिव्हवर काम करायचा. मुरमे, व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळे सगळे नाहीसे. मुलगी सावळी असेल तर प्रिंट थोडी उजळ काढायची, हे आईवडिलांना सांगावेही लागत नसे. त्याला 'टच-अप' म्हणत. आपण त्यावर किती लिहिले, किती बोललो! आज ती पेन्सिल प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये बसवलेली आहे आणि न सांगता चालते. असल्फ्याच्या त्या शेजारणीच्या फोनमध्ये 'ब्यूटी' सोय आधीपासून चालू होती. तिला पत्ताही नव्हता. फोनला चेहरा आणि कातडी म्हणजे गुळगुळीत आणि उजळ करायची वस्तू एवढेच ठाऊक. सौंदर्याच्या नावाखाली त्याने माराचे वळ पुसून टाकले.

पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. ब्यूटी बंद केली तरी कॅमेरा जे देतो ते 'जसेच्या तसे' नसते. हे मला माझ्या भाचीने समजावून दिले. ती अंधेरीच्या एका कॉलेजातून इंजिनिअर झाली आहे. तिने सांगितले ते माझ्या शब्दांत सांगते.

कॅमेरा पाखडतो

मोबाइलच्या कॅमेऱ्यात भिंगामागे लाखो बारीक कप्प्यांची एक पट्टी असते. प्रत्येक कप्पा फक्त किती उजेड पडला ते मोजतो. त्याला रंग कळत नाही. म्हणून प्रत्येक कप्प्यावर एक रंगीत काच बसवतात: दर चारांपैकी दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांना या मांडणीचे पेटंट १९७६ मध्ये मिळाले. म्हणजे प्रत्येक ठिपक्याला तीन रंगांपैकी एकच खरा मोजलेला असतो. उरलेले दोन शेजारच्या कप्प्यांवरून हिशेबाने भरतात. फोटोतला दोन तृतीयांश रंग हा असा अंदाज असतो.

पुढे फोन ठरवतो की खोलीतला उजेड पिवळा आहे की निळसर, आणि त्याप्रमाणे सगळे रंग सरकवतो. उजेड कमी असला की फोटोत बारीक खरखर येते, ती घालवण्यासाठी सगळे थोडे सारवून घेतो. आपल्या दहा बाय दहाच्या खोल्यांत एका ट्यूबवर काढलेल्या फोटोवर हे सारवण सर्वांत जास्त होते. आणि मार बहुधा रात्रीच होतो.

मग येतो फोटो लहान करण्याचा भाग. एक कोटी वीस लाख ठिपक्यांचा फोटो, प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे, म्हणजे सगळे ठेवायचे तर छत्तीस एमबी जागा लागेल. प्रत्यक्षात फोनमध्ये तो तीन-चार एमबीचा असतो. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की काही शे केबीचा उरतो. बाकीचे गेले कुठे? टाकून दिले. आपण सुपात धान्य घेऊन पाखडतो तसे. दाणा ठेवायचा, कोंडा उडवायचा.

'जेपेग' ही पाखडण्याची पद्धत १९९२ मध्ये प्रमाण म्हणून ठरली. तिच्या मुळाशी असलेले गणित १९७४ मध्ये छापून आले. ते मांडणाऱ्या तिघांत नासिर अहमद हे मूळचे बंगळूरचे आणि त्यांच्या जोडीला टी. नटराजन आणि के. आर. राव. कौतुक वाटावे असेच ते काम आहे, त्यावाचून आज एकही फोटो इकडून तिकडे जाऊ शकला नसता. पद्धत अशी: फोटोतला उजेड-अंधार वेगळा करायचा, रंग वेगळा करायचा. माणसाचा डोळा उजेडातला फरक बारकाईने टिपतो, रंगातला तितका नाही. म्हणून उजेड प्रत्येक ठिपक्याचा ठेवायचा, रंग मात्र बहुतेक वेळा चार ठिपक्यांत मिळून एकच. मग आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातले बारीकसारीक फरक ढोबळ करून टाकायचे. जितकी फाइल लहान हवी तितके जास्त ढोबळ.

आता मुका मार आठवा. गोऱ्या कातडीवर तो लाल-निळा उठून दिसतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर तो आसपासच्या रंगापेक्षा थोडासाच गडद, थोडासाच वेगळ्या छटेचा असतो. ठळक काहीच नसते. असतो तो मंद फरक. आणि पाखडताना आधी उडतो तो मंद फरकच. भाचीने मला बजावले, मावशी, उगाच वाढवून लिहू नकोस. मोठा काळानिळा डाग साधारणपणे पुसला जात नाही. जातात त्या त्याच्या कडा, बोटांमधल्या फटी, नखांचे ओरखडे, पट्ट्याच्या वळांच्या दोन समांतर रेषा. पण बायांनो, कोर्टात नेमके तेच लागते! नुसता डाग म्हणजे 'बाथरूममध्ये पडली'. चार बोटे दिसली तर ती पडून उमटत नाहीत.

कोणाच्या डोळ्यांनी?

यात कुणाचा कट नाही, हे मी मान्य करते. पण दाणा कोणता आणि कोंडा कोणता हे ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोण होते, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

कोडॅकच्या रंगीत छपाईचे रंग बरोबर आलेत की नाही हे तपासायला छायाचित्र प्रयोगशाळांत एका गोऱ्या बाईचे चित्र असलेले कार्ड वापरत. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. शर्लीची कातडी नीट आली की रंग नीट. काळ्या माणसांचे चेहरे त्या फिल्मवर नीट येत नव्हते. कॅनडातल्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी हा इतिहास नोंदवला आहे. त्यात सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की कंपनीने तपकिरी छटांकडे लक्ष द्यायला ज्यांच्या तक्रारी मोठ्या कारण ठरल्या, ते होते चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणारे! माणसांच्या आधी कपाटांचा नंबर लागला.

संगणकावरच्या चित्रांचीही कहाणी फार वेगळी नाही. अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७३ मध्ये संशोधकांना तपासणीसाठी एक चित्र हवे होते. त्यांनी हाताशी असलेल्या 'प्लेबॉय' मासिकाच्या नोव्हेंबर १९७२ च्या अंकातले लेना या स्वीडिश मॉडेलचे नग्न चित्र घेतले आणि खांद्यापर्यंतचा भाग कापून वापरला. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे जगभर चित्र लहान करायची नवी पद्धत निघाली की ती याच चित्रावर पारखायची प्रथा पडली. माझ्या भाचीच्या पाठ्यपुस्तकातही तेच चित्र होते. वर्गात पासष्ट मुलगे, नऊ मुली. चित्र कुठून आले हे एका मुलाने हसत हसत सगळ्यांना सांगितले. "आम्ही नऊजणी खाली मान घालून वहीत आकडे लिहीत होतो," असे ती म्हणाली. इंजिनिअरांच्या आयईईई या मोठ्या संस्थेच्या कॉम्प्युटर सोसायटीने हे चित्र असलेले लेख घेणे बंद केले ते १ एप्रिल २०२४ पासून. म्हणजे कालपरवा.

मी असे म्हणत नाही की लेनाच्या चित्रामुळे असल्फ्याच्या बाईचे वळ पुसले गेले. म्हणते ते एवढेच: तपासायला ठेवलेली कातडी कायम गोरी, आणि बाई म्हणजे पाहण्याची वस्तू. मारलेली बाई त्या टेबलावर कधी नव्हती. सावळ्या कातडीवरचा मुका मार नीट येतो का, हे कुणी तपासले? मनावर घेतले तर करता येते. २०२१ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल फोनमध्ये सावळ्या-काळ्या कातडीचे रंग नीट यावेत म्हणून मुद्दाम सुधारणा केली आणि तिची जाहिरातही केली. म्हणजे आधी नीट येत नव्हते, हे कबूलच झाले.

आम्ही करून पाहिले

गेल्या हिवाळ्यात मुलुंडला आमची बैठक होती. गर्दीत लोकल पकडताना माझ्या पोटरीला पायरीचा सडकून मार लागला होता. म्हटले, चला, फुकटचा नमुना मिळाला. एकाच फोनवर चार फोटो काढले. एक ट्यूबखाली ब्यूटी चालू ठेवून, एक ती बंद करून, एक फ्लॅश मारून, एक दिवसा खिडकीजवळ. मग चारही फोटो एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे असे फिरवले. पहिल्यात तिसऱ्या फेरीला माझी पोटरी एखाद्या साबणाच्या जाहिरातीतली वाटू लागली. फ्लॅशवाल्यात मधोमध पांढरा चट्टा. खिडकीजवळचा फोटो मात्र मूळ फोनमध्ये इतका स्पष्ट होता की पायरीच्या कडेची रेघसुद्धा मोजता येत होती. मार तोच, पाय तोच, फोन तोच!

त्या अनुभवावरून आता आम्ही केंद्रावर जे करतो ते सांगते. आधी बाईला विचारायचे. तिची संमती नसेल तर फोटो नाही. ब्यूटी, फिल्टर, पोर्ट्रेट सगळे बंद. शक्यतो दिवसा, खिडकीशी, पण थेट उन्हात नाही. बोटाने पडद्यावर त्या डागावरच टेकवायचे, म्हणजे कॅमेरा त्या जागेचा उजेड धरतो. झूम न करता जवळ जायचे. तीन प्रकारचे फोटो: एक चेहऱ्यासकट लांबून, एक मधला, एक अगदी जवळून. जवळचा एकदा नुसता आणि एकदा शेजारी मोजपट्टी आणि पांढरा कागद धरून. पट्टीने माप कळते, कागदावरून रंग किती ढळला ते कळते. मुका मार पहिल्या दिवशी दिसतो त्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दिसू शकतो, म्हणून पुन्हा काढायचे. वहीत तारीख, वेळ, जागा आणि कोणी काढला ते लिहायचे. फोटो कापायचा नाही, उजळायचा नाही, वर बाण काढायचे नाहीत.

आणि मूळ फाइल म्हणजे आपली निगेटिव्ह. ती हलवायची नाही. वायरीने कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर प्रत घ्यायची. पाठवायचीच असेल तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायची. मग ती पाखडली जात नाही आणि फोटो कधी काढला त्याची आतली नोंदही राहते. एक काळजी मात्र जरूर घ्या. पुष्कळ घरांत फोन नवऱ्याच्या नावावर असतो, किंवा दोघांचे फोटो एकाच खात्यात जमा होतात. त्याने पाहिले तर फोटो जातील आणि बाईला पुन्हा मार बसेल. अशा वेळी फोटो शेजारणीच्या किंवा आपल्या फोनवरच काढावा.

कायदा काय म्हणतो

या बाबतीतला एक महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याचा आहे आणि तो बायकांच्या प्रश्नावर नाही, निवडणुकीवर आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज वेळेत भरला गेला की नाही, हा वाद कैलास गोरंट्याल यांनी कोर्टात नेला. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की मूळ यंत्रच कोर्टात हजर केले तर वेगळे, पण प्रत द्यायची असेल तर कलम ६५-ब चे प्रमाणपत्र हवेच. आणि पक्षकाराने सगळे प्रयत्न करूनही अधिकारी ते देत नसतील, तर त्याचा दोष पक्षकाराच्या माथी नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे. एक भाग आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचा 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा, गणिताने काढलेली अंक-अक्षरांची एक ओळ. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरून आलेला फोटो आणि मूळ फोटो, कायद्याच्या नजरेने या दोन वेगळ्या फाइली. पुढे वकिलांशी बोलून काय ते ठरवालच, पण मूळ जपली नसेल तर वकीलही हात टेकतात.

पण फोटोच का?

एवढे सगळे सांगून झाल्यावर आता माझे खरे म्हणणे.

बाईच्या अंगावर खूण दाखवा, मग विश्वास ठेवू, ही मागणी मोबाइलपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरावर बलात्कार झाला. मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले, आणि त्यासाठी दिलेल्या कारणांत एक होते तिच्या अंगावर जखमा नसणे. त्याविरुद्ध चार कायदा-शिक्षकांनी खुले पत्र लिहिले, १९८० मध्ये आपण रस्त्यावर आलो, १९८३ मध्ये कायदा बदलला. प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली असे होत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहायला मात्र २०१३ उजाडले. ज्या मागणीविरुद्ध आपली चळवळ उभी राहिली, ती आता 'फोटो दाखवा' या रूपाने परत आली आहे. उद्या जिच्याकडे चांगला फोन नाही तिला न्याय नाही, असे होऊ द्यायचे का?

कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ३२ पाहा. संरक्षण आदेशाचा भंग झाला की नाही हे ठरवताना एकट्या पीडित स्त्रीच्या साक्षीवरून न्यायालय निष्कर्ष काढू शकते. कायद्याने बाईच्या शब्दाला जी किंमत दिली, ती चौकीतल्या टेबलावर का मिळू नये?

असल्फ्याच्या बाईची तक्रार शेवटी नोंदवली गेली, तीन आठवड्यांनी. फोटोमुळे नाही. त्याच सकाळी तिला आम्ही सरकारी दवाखान्यात नेले होते. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दंड हातात घेऊन, बोटांनी चाचपून, पट्टीने मोजून कागदावर लिहिले होते: किती ठसे, कुठे, केवढे. त्या कागदावर पाखडणे नव्हते. मुंबई महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू केलेल्या 'दिलासा' केंद्राने हेच तर शिकवले: रुग्णालयाने मार ओळखायचा, विचारायचा, नोंदवायचा. ते शिक्षण प्रत्येक दवाखान्यात आणि प्रत्येक चौकीत पोचले पाहिजे.

म्हणून माझे मागणे दुहेरी आहे. आपण कॅमेरा शिकू या, निगेटिव्ह जपू या. आणि त्याच वेळी प्रत्येक साहेबाला ठणकावून सांगू या की फोटो हा बाईच्या शब्दाला जोड आहे, शब्दाची अट नाही. फोटोत दिसत नसेल तर मान वर करून बाईकडे पाहा. ती समोरच उभी आहे.

तुमच्या वस्तीत, तुमच्या केंद्रावर असे काही घडले असेल तर जरूर लिहून कळवा. पुढच्या शिबिरात मोजपट्टी आणि पांढरा कागद घेऊनच बसू.